निळं रानडुक्कर

सिसिलीच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच साली इंग्लंडचा राजा लढाईत पडला. तिच्या सराईच्या पाटीवर त्याचं निशाण होतं, पांढरं रानडुक्कर. सिसिलीचा नवरा हॅमंड याने घाईघाईने त्याला नव्या राजाच्या सेनापतीच्या निशाणासारखा निळा रंग फासला, पण तो वाळायच्या आत नव्या राजाचे शिपाई दारात आले.

"काय गं बाई, मेलेला राजा राक्षसच होता ना? पुतण्यांचा गळा घोटणारा?" त्यांच्यातल्या एकाने सिसिलीला दरडावलं.



"अगं, हो म्हणून टाक," हॅमंड पुटपुटला.

"त्या पुतण्यांचं देव जाणे," तिच्या तोंडून निघून गेलं, "पण सरदाराने गिळलेलं आमचं शेत त्यानेच सोडवून दिलं."

"बायकोच्या जिभेला नवरा जबाबदार," म्हणत शिपायांनी हॅमंडच्याच मुसक्या बांधल्या.

नाताळच्या आठ दिवस आधी हॅमंड कैदेत वारला.