स्वतःचा नमुना

परीक्षानळीत सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब पडले आणि लघवी तांदळाच्या धुवणासारखी गढूळ झाली. म्हणजे तिच्यातून प्रथिनं जात होती. तालुक्याच्या दवाखान्यात रोज गरोदर बायकांची ही तपासणी करणाऱ्या वैजयंतीने आज स्वतःचा नमुना घेतला होता. तिला आठवा महिना चालू होता.

आम्ल जुनं झालं असेल, म्हणून तिने नवी बाटली उघडली. नळी पुन्हा गढूळ झाली. मग तिने दुसऱ्या बाईच्या नमुन्यात तेच थेंब टाकले. तो स्वच्छ राहिला. आता आम्लाला दोष देता येईना. ती उठली, बसली, पुन्हा उठली.

"मॅडम, माझ्याच लघवीत प्रोटीन येतंय," ती डॉक्टर गावितांच्या दारातूनच म्हणाली.

त्यांनी रक्तदाब मोजला. तो खूप चढला होता; गरोदरपणात प्रथिनांसोबत हे म्हणजे आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका. "डोकं दुखतंय का? कधीपासून?"

"परवापासून. उन्हानं असेल, असं वाटलं."

"दुसरी कुणी असं म्हणाली असती, तर तू तिला घरी जाऊ दिलं असतंस?"

वैजयंतीने जिल्हा रुग्णालयात पाठवायच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक स्वतःच त्यांच्यापुढे सरकवलं.

त्याच संध्याकाळी जिल्हा रुग्णालयात सिझेरियन झालं. मुलगी मूठभर होती, पण रडली जोरात. ते ऐकेपर्यंत वैजयंतीने डोळे मिटले नव्हते.