तारांची चौकट

विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशाच्या लहरी कोणत्या दिशेला कलल्या आहेत, हे मोजणारी दुर्बीण लडाखला जायची होती. त्याआधी टोकावड्याच्या माळावर नम्रता तिची चाचणी घेत होती. तिच्या मदतीला आलेले गावातले नवसूकाका शिडीवर उभे राहून दुर्बिणीच्या तोंडासमोर तारांची चौकट धरून फिरवत. चौकट फिरेल तशी संगणकाच्या पडद्यावरची रेघ वर-खाली होई.

दुपारी काका उतरून जेवायला बसले, तरी रेघ हलतच राहिली.

"काका, चौकट खाली ठेवा ना," पडद्यावरून नजर न काढता नम्रता म्हणाली.

"ही काय, बाजूला हाय. हात बघ माझे, भाकरीनं भरलेत."

नम्रतानं यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. रेघ तशीच सावकाश हलत होती, कुणी मन लावून चौकट फिरवत असल्यासारखी.

"चल गो घरी. हे काय खरं नाय."

"तीन वर्षं घातलीत मी यात. मी हलणार नाही. ज्याला जायचं त्यानं जावं."

ती तरातरा शिडी चढली आणि दुर्बिणीच्या मोकळ्या तोंडासमोर तिनं हात नेला. बोटांना गार तारा लागल्या. तिनं मूठ आवळली.

आभाळाच्या बाजूनं कुणीतरी ओढलं.

नम्रतानं शिडीत पाय रोवले आणि उलट ओढलं. तेव्हा पलीकडच्यानं दुसरा हातही लावला.