शेपटीला धरून

स्क्लेरोडर्माच्या आजारानं माझी कातडी अशी आवळली की तोंडात साधा चमचा जाईना. फिजिओ वाउटर अंगठ्यांनी गाल ताणायला लावायचा, आरशासमोर 'आ' करायला लावायचा.

"एवढी धडपड कशासाठी करायची, ते आधी ठरवा मावशी," तो म्हणाला.

"जूनमधला पहिला हेरिंग मासा. शेपटीला धरायचा, मान मागे टाकायची आणि अख्खा खायचा."

"आमच्या ॲमस्टरडॅममध्ये तुकडे करूनच खातात की!"

"आम्ही स्खेवेनिंगन बंदरातले. तुकडे खाण्यापेक्षा उपाशी राहू."

गेल्या वर्षी लोकांकडे पाठ करून तुकडेच खाल्ले होते, ते काही मी त्याला सांगितलं नाही.

जूनमध्ये वाउटरला घेऊनच बंदरावर मासेवाल्या आरीच्या गाडीशी गेले. मला पाहताच आरीनं गेल्या वर्षीसारखी सुरी उचलली.

"ठेव ती खाली!"

वाकड्या बोटांत शेपटी धरली, मान मागे टाकली आणि आ वासला. बघता बघता हातात नुसती शेपटी उरली. रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या. वाउटर तर नाचायचाच बाकी होता.

"आणि या साहेबांना?" आरीनं विचारलं.

"त्याला तुकडे करून दे," मी म्हटलं. "त्याचे व्यायाम अजून सुरू व्हायचेत."