सुरू व्हायला एक तास

"एकदा येऊन त्याच्याजवळ बस, नेली," वडिलांच्या टपरीसमोर गाडी लावणारी दोन्या कास्ता फेब्रुवारीत फोनवर म्हणाली होती. "पूर्वीसारखं राहिलं नाही आता."

नेलिदाच्या मांडीवर तेव्हा महिन्याचं बाळ होतं. तिला वाटलं, कॉम्प्युटरबद्दलच चाललंय. वडीलही तेच सांगत होते, सुरू व्हायला तास घेतो म्हणून. "जुना झालाय मावशी, आले की बघते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

येणं झालं ते थेट ऑगस्टमध्ये. तुपिसा गावच्या कोर्टासमोर तिच्या वडिलांची, डॉन एलेउतेरिओंची, टपरी आहे. (तिकडे मान द्यायचा तर पुरुषाला डॉन म्हणतात, बाईला दोन्या.) लोकांचे अर्ज, दावे, विनंत्या ते लिहून देतात. आधी टाइपरायटरवर, गेली अठरा वर्षं कॉम्प्युटरवर. रविवारी टपरी बंद असताना नेलिदाने यंत्र उघडलं. तिचा संशय बिअरवर होता. कार्निवलच्या मंगळवारी त्या रस्त्यावरचा जो तो आपल्या पोटापाण्याच्या साधनाला रंगीत फिती बांधतो आणि धरणीमायेच्या नावाने त्यावर बिअर शिंपडतो. वडिलांनी शिंपडायच्या ऐवजी ओतली असणार. आत खरंच कार्निवलात उधळलेल्या कागदाच्या टिकल्या निघाल्या, थोडा चिकटपणाही. तिने सगळं पुसलं, पंख्यात साचलेली धूळ काढली, सैल तारा घट्ट बसवल्या आणि घड्याळ लावून पाहिलं. चाळीस सेकंद. चार वर्षं कॉलेजात हेच तर शिकली होती ती.

सोमवारी सकाळी ती बाळाला पाठीशी बांधून वडिलांबरोबर टपरीवर आली. बाकावर दोन गिऱ्हाइकं आधीच बसलेली. पेन्शनचा अर्ज दुपारच्या आत द्यायचा असलेली एक म्हातारी, आणि एक ट्रकवाला.

"डॉन एले, तुमचं यंत्र माझ्या सासूसारखं आहे," ट्रकवाला म्हणाला. "उठायलाच दुपार."

"सासू उठल्यावर भांडते तरी. हे तेवढंही करत नाही," डॉन एलेउतेरिओ म्हणाले आणि बटण दाबलं.

नेलिदाने मनात मोजलं. चाळिसाव्या सेकंदाला पडद्यावर पासवर्डची चौकट आली. चौकटीत बारीक रेघ लुकलुकू लागली.

वडिलांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पडद्याकडे बघत बसले.

एक मिनिट गेलं. पाच गेली. नेलिदाला वाटलं, मुद्दाम करतायत, थट्टा चाललीय.

"पापा, तो तुमच्यासाठी थांबलाय."

"नाही गं. अजून सुरू होतोय." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "घाई केली की बिघडतो."

म्हातारी आपल्या कागदांची घडी घालत होती, उलगडत होती. ट्रकवाला रस्त्याकडे बघत होता. दोघांपैकी कुणाला नवल वाटलेलं दिसलं नाही. नेलिदाने हात पुढे केला, मग मागे घेतला. पासवर्ड तिलाही ठाऊक नव्हता.

समोरच्या कोपऱ्यावर दोन्या कास्ताची आपीची गाडी. जांभळ्या मक्याचं ते गरम पेय प्यायला सकाळी तिथे रांग लागते. रांग ओसरायला तासभर लागला. मग कास्ता वाफाळता पेला घेऊन रस्ता ओलांडून आली. पेला तिने डॉन एलेउतेरिओंच्या हातात दिला. ते फुंकर घालायला वळले, तेवढ्यात तिने बोटं एप्रनला पुसली आणि उभ्याउभ्याच सात कळा दाबल्या. शेवटची मोठी.

पडदा उजळला.

"झाला सुरू," डॉन एलेउतेरिओ म्हणाले.

नेलिदा कास्ताच्या मागे गाडीपर्यंत गेली. कास्ताला अक्षर ओळखता येत नाही, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं.

"मावशी, तुम्हाला कसं..."

"वाचता नाही येत, पोरी. पण अठरा वर्षं समोर उभी आहे. त्याची बोटं कुठे कुठे जातात ते पाठ झालंय." तिने पातेलं ढवळलं. "फोन केला होता मी तुला."

नेलिदा परतली तेव्हा वडील लिहीत होते. मान्यवर न्यायाधीश महोदय, आपल्यासमोर आदरपूर्वक हजर होऊन. बोटं झरझर चालत होती, एक चूक नव्हती. मग बोटं थांबली.

"नाव काय म्हणालात?"

"प्रिमितिवा कोल्के," म्हातारी म्हणाली.

दोन ओळींनंतर त्यांनी पुन्हा विचारलं. मग आणखी एकदा. दर वेळी म्हातारीने त्याच आवाजात सांगितलं, जणू पहिल्यांदाच विचारलंय.

नेलिदाने नाव चिठ्ठीवर लिहिलं आणि कीबोर्डशेजारी ठेवलं. वडिलांनी चिठ्ठी वाचली. हळूच पालथी घातली.

"कास्ताने सांगितलं तुला?"

तिने मान हलवून हो म्हटलं. पाठीवरचं बाळ कुरकुरलं, तशी ती उभ्या उभ्या डोलू लागली.

"तुम्ही का नाही सांगितलंत, पापा?"

"तू यंत्राचं विचारायचीस." त्यांनी बोटं परत कळांवर ठेवली. "मी यंत्राचं सांगायचो."

अर्ज दुपारच्या आत गेला. प्रिमितिवाबाईंचं नाव त्यात दोनदा बरोबर आहे, एकदा नाही. ते नेलिदाने द्यायच्या आधी हाताने दुरुस्त केलं आणि म्हातारीने त्यावर अंगठा उठवला.

तुमच्याही घरचं कुणी लांब राहत असेल आणि सारखं एखाद्याच वस्तूची तक्रार करत असेल, तर एवढं करा. उपाय सांगू नका. एका सकाळी जा, आणि तासभर काही न बोलता शेजारी बसा.