कॅनॉलचा रस्ता

कुकरची शिट्टी झाली आणि घरातली शांतता मोडली. नुकतीच मोटारसायकल शिकलेल्या धम्मशीलाने तेवढ्यात धीर करून सासूला सांगून टाकलं, "आत्याबाई, रविवारी साक्षीला घेऊन मी गाडीवरच सोनपेठला जाते, आईकडं. गावातून न्हाई, मागच्या कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यानं. थोडं लांब पडतंय, पण लय छान हाय तिकडं. बाभळीची सावली, पाण्यात बगळे."

कुसुमबाई ज्वारी निवडत राहिल्या. "आन् पारावरचे म्हातारे?"

"ते कुठं येत्यात त्या रस्त्याला," धम्मशीला बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

कुसुमबाईंनी सूप खाली ठेवलं. "गावातूनच जा. पारापाशी हॉर्न वाजीव. तिकडं कच्च्यात गाडी घसरली, तर उचलायला कोन, बगळे? आन् डोक्यावर पदर न्हाई म्हनलं कुनी, तर हेल्मेट दाखीव."

धम्मशीलाचा जीव भांड्यात पडला. ती हसायलाच लागली. रविवारी बगळे दाखवायचं सकाळीच कबूल केलेल्या छोट्या साक्षीने मात्र तिची ओढणी ओढली.

"आई, मंग तुला बगळे दाखवायचे नव्हतेच का?"