एकटीच ये

महालक्ष्म्यांना भाज्या सोळा लागतात. गोजरबाईनं बांधावर फिरून तरोटा, कुर्डू, तांदुळजा, घोळ, अंबाडी, जे हाताला लागलं ते खुडून आणलं. तरी मोजणी सोळावर काही जाईना. "घ्या समजून, माय," ती महालक्ष्म्यांना म्हणाली. त्या तरी काय बोलणार? त्यांचे पितळी मुखवटे लुटीच्या भीतीनं परसात पुरलेले. यंदा दोन तांबे उपडे घालून त्यांना काजळाचे डोळे काढले होते. थोरलीला गोजरबाईचं लग्नातलं लुगडं नेसवलं, आणि धाकटीला, हसू नका, व्यंकटरावांचा जरीकाठी फेटा.

व्यंकटराव म्हणजे तिचे मालक. रझाकारांचा उपद्रव वाढला तसे साखरा गावातले बापे नाका ओलांडून निजामाच्या हद्दीबाहेर, छावणीत जाऊन राहिले होते. बायकाही बऱ्याचशा माहेरी पांगल्या. आळीत सवाष्णी दोनच उरल्या, एक गोजरबाई आणि दुसरी संतरामची पार्वती. सवाष्ण जेवल्याशिवाय हा सण पुरा होत नाही, आणि यंदा तो पुरा व्हायलाच पाहिजे होता. मालक धडधाकट घरी यावेत, एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप! पण डाळ होती मूठभर. म्हणून आवतन देतानाच तिनं पार्वतीला बजावलं होतं, "एकटीच ये. लेकरं आणू नको बाई. पुरायचं न्हाई."

सणाच्या सकाळी बांगडीवाला खाजा मिया दारात आला. म्हातारा माणूस, नाक्यावर त्याला कोणी अडवत नसे.

"भाभी, तुमचे मालक खुशाल हैत. म्या डोळ्यानं बघून आलो."

गोजरबाईनं तिथूनच देवीला हात जोडले. खाजा मिया मात्र उठेना.

"काय झालं, खाजाभाई?"

"छावणीत पटकीची साथ आली. संतराम गेला."

"पार्वतीला सांगितलं?"

"कसं सांगू? तिच्या हातात लग्नाचा चुडा म्याच भरला होता. माझ्यानं होत न्हाई. तुमीच सांगा."

तो गेल्यावर गोजरबाईला काय वाटलं? खोटं कशाला बोलायचं, आधी बरंच वाटलं. माझा तर नाही ना गेला! मग स्वतःची लाज वाटली, आणि मग धास्तीच बसली. कुंकू गेलेली बाई सवाष्ण म्हणून पाटावर बसवायची, तर मालकांच्या जिवाला काही झालं म्हणजे? पण दुसरी आणायची कुठून? पोरीला अजून ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही तोवर ती सवाष्णच की, अशी तिनं मनाची समजूत घातली. उद्या सांगू. आज जेवू दे.

दिवस मावळल्यावर कोणी घराबाहेर पडत नसे, म्हणून पार्वती उन्हातच आली. कुंकू लावताना गोजरबाईनं नजर दुसरीकडे वळवली आणि कुंकू पार्वतीच्या नाकावर सांडलं. असं सांडलं की बायका म्हणतात, नवऱ्याची लई लाडकी दिसतीस. गोजरबाईच्या ओठावर ते आलंच होतं. तिनं ते गिळलं.

पान वाढलं. पार्वती मान खाली घालून बसली होती. गोजरबाई तूप आणायला आत गेली आणि आली, तर पानात पोळी नाही. आंबील घेऊन आली, तर भाज्याही संपलेल्या.

"सावकाश जेव की बाई, ठसका लागंल."

मग तिला पार्वतीच्या मांडीवरचा पदर दिसला. पानातलं सगळं त्यात बांधलेलं, आणि भाजीचं पाणी लुगड्यातून झिरपत होतं.

"हे काय गं?"

"लेकरांला. दोन दिस झाले, नुसता पाला उकडून घालून राहिले त्यांला."

"अन् तू? सवाष्ण उपाशी उठली तर माझ्या मालकांचं काय व्हईल?"

पार्वतीनं आल्यापासून पहिल्यांदा वर बघितलं. "मी जेवले तर तुमच्या मालकांला लागंल, काकी. म्हून एक घास खाल्ला न्हाई. ह्यांचं मला परवाच कळलंय, छावणीतनं निरोप आला."

गोजरबाईचं अंग पेटलं. "अन् तरी येऊन बसलीस? माझ्या देवीम्होरं? तोंडानं सांगता येत न्हवतं?"

"सांगितलं असतं, तर तुमी वाढलं असतं?"

गोजरबाईनं आंबिलीचं भांडं खाली ठेवलं.

पार्वती पदर आवळून उठली. जाताना सवयीनं वाकली आणि तिनं गोजरबाईच्या पायांवर डोकं टेकवलं. सवाष्णीला द्यायचा आशीर्वाद एकच असतो, नवऱ्याच्या आयुष्याचा. तो देण्यासाठी गोजरबाईनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिनं त्या काजळाच्या डोळ्यांकडे बघितलं.

"बस खाली," ती म्हणाली.

"काकी, दोष लागंल."

"लागू दे. बस म्हणते ना!"

तिनं महालक्ष्म्यांपुढच्या नैवेद्याची पोळी उचलली आणि पार्वतीच्या हातात दिली. पार्वतीनं घास तोंडात घातला, पण तो खाली उतरेना. कळल्यापासून ती रडली नव्हती. रडली असती तर आळीला कळलं असतं, आणि हे आवतन गेलं असतं. आता तोंडातला घास तसाच धरून ती हुंदके द्यायला लागली.

गोजरबाई तिच्याशेजारी भुईवर टेकली. तिनं दुसरा घास मोडून हातात धरला.

"रड," ती म्हणाली, "पण जेवत जेवत रड. उद्यापासून तुला कोणी जेवायला बोलवणार न्हाई."