सतरावी ओळ

बाईंनी सतराव्या ओळीखाली पट्टी ठेवली आणि एकशे छप्पन्नवर काट मारली. सुट्टीआधीच्या यादीत बत्तीस आकडे होते. आता एकतीस उरले.

आकडे होते अकरावीच्या मुलांच्या उंचीचे. भिंतीला टेप चिकटवून पोरांनीच एकमेकांना मोजलं होतं, आणि पुढचा महिनाभर बाई संख्याशास्त्र शिकवणार होत्या ते याच आकड्यांवर. पहिला आठवडा सरासरी, दुसरा आलेख, तिसरा प्रमाण विचलन, चौथा नमुना. चौथ्याची सुरुवात दरवर्षीप्रमाणे 'शितावरून भाताची परीक्षा' या म्हणीने, आणि त्यावर मागच्या बाकावरून दरवर्षीप्रमाणे, "बाई, भूक लागली!"

वर्गाची सरासरी उंची बरोबर एकशे छप्पन्न सेंटिमीटर आली होती. आणि सतराव्या नंबरच्या मुलीची उंचीही नेमकी तेवढीच, ना कमी ना जास्त. झालं! पोरांनी तिचं नावच 'सरासरी' ठेवलं. "ए सरासरी, जरा सरक ना!" तीही काही कमी नव्हती. कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मी आहे म्हणून तुम्हाला मध्य सापडतोय. उपकार माना माझे!"

सुट्टीत तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली.

महिन्याचं नियोजन ऑफिसमधल्या ताई टाइप करत. गेली अकरा वर्षं त्याच करत होत्या. ताई म्हणजे त्याच मुलीच्या आई. मागच्या सोमवारी कामावर परत आल्या होत्या, आणि तेव्हापासून सगळी शाळा त्यांच्यापुढे जपून पावलं टाकत होती. हेडसरांनी तर बजावूनच ठेवलं होतं, "त्यांच्यासमोर तो विषय नको." स्वतःच्या लेकीची उंची त्या माउलीच्या हातून टाइप करून घ्यायची? त्यापेक्षा आकडाच काढून टाकलेला बरा.

आणि काढणं सोपंही होतं. जो आकडा सरासरीएवढाच, तो काढला तरी सरासरी हलत नाही. पहिल्या आठवड्यातलं उत्तर तसंच राहिलं, एकशे छप्पन्न. फक्त तिसऱ्या आठवड्याचं गणित पुन्हा करावं लागलं. आधी उत्तर होतं सात पूर्णांक सत्त्याऐंशी शतांश. आता आलं बरोबर आठ. इतकी सुटसुटीत संख्या फळ्यावर क्वचित मिळते. बाईंच्या तोंडून "वा!" निघून गेलं, आणि मग त्यांची त्यांनाच लाज वाटली.

त्यांनी सगळं नव्या कागदांवर उतरवून काढलं आणि ऑफिसात नेऊन दिलं.

मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत शिपाई बोलवायला आला. ताई कॉम्प्युटरसमोर ताठ बसल्या होत्या.

"मॅडम, एकतीसच आकडे आहेत."

"हो. म्हणजे... यंदा एवढेच घेतलेत."

"मला म्हणाली होती ती. आई, माझी उंची म्हणजे अख्ख्या वर्गाची सरासरी. सांगताना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली होती, मी पुन्हा मोजावं म्हणून." ताईंनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "तिला काढलंत. काढा. पण सरासरी एकशे छप्पन्नच लिहिलीय. चुकून राहिली का?"

थाप मारता आली असती. पण आकड्यांच्या बाबतीत बाईंना आजवर थाप मारता आली नव्हती.

"नाही ताई. तेवढीच येते."

"म्हणजे माझी पोर असली काय, नसली काय," ताई अगदी हळू म्हणाल्या, "काही फरकच पडत नाही."

आपण कुणाला वाचवायला गेलो आणि काय करून बसलो! बाईंनी तिसऱ्या आठवड्याचा कागद काढून वर ठेवला. त्या आठवर त्यांची नजर गेली आणि तिथेच थांबली. वीस वर्षं हे गणित शिकवत होत्या. तरी घटकेपूर्वी त्यांना त्यात फक्त सुटसुटीतपणा दिसला होता.

"पडतो, ताई. इथे पडतो." त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "मुलं मध्यापासून किती लांब आहेत, ते हा आकडा सांगतो. ती होती तेव्हा आठाहून कमी होता. ती नाही, तर आठ झाला. बाकीच्या एकतीस जणांची उंची तीच आहे, एकही पोर जागचं हललेलं नाही. तरी सगळा वर्ग मध्यापासून लांब गेला. त्यांना मध्याशी धरून ठेवणारी एक होती, ती गेली."

बाहेर घंटा झाली, पोरांचा लोंढा जिन्यावरून खाली गेला. मग ताईंनी कीबोर्ड पुढे ओढला, सोळाव्या आकड्याखाली एक ओळ मोकळी केली आणि तिच्यात एकशे छप्पन्न टाइप केलं.

"पोरांना दोन्ही उत्तरं काढायला लावा," त्या म्हणाल्या. "ती असतानाचं आणि ती नसतानाचं."

"लावते."

ताईंनी पदराने चष्मा पुसला आणि तो बराच वेळ हातातच धरून ठेवला.

"घरी आम्ही तिघं आहोत, मॅडम. हे, थोरला आणि मी. जेवायला ज्याच्या त्याच्या जागेवरच बसतो. जागचं कुणी हललेलं नाही. मला वाटायचं, लांब गेल्यासारखं मला एकटीलाच वाटतंय."